शुक्रवारी सोडलेले केस

"तूच म्हणालीस ना?" हे तिचं पालुपद. तिला स्वतःचं मत म्हणून नव्हतंच, असं आम्हाला वाटायचं. कोणी नुसतं म्हणावं, आज उकडतंय. दुसऱ्या दिवशी ही सगळ्यांसमोर सांगणार, "ही म्हणाली, या पत्र्याखाली माणूस भाजून निघतं. खरंय तिचं." आणि पदराने वारा घेण्यापलीकडे काही न केलेली ती बाई ताठ होऊन बसायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ओळखली असतील असं नाही.

तंजावरात राजवाड्यामागे तंजावुरी चित्रांचा एक कारखाना होता. नव्वदनंतर परदेशातून मागणी वाढली, तशी दोन खोल्यांची पत्र्याची मोठी शेड झाली. तीस बायका देवांच्या चित्रांवर सोन्याचा वर्ख चिकटवायच्या. त्यांत ही सगळ्यांत म्हातारी. संध्याकाळी दारात झडती व्हायची. गजरा काढायचा, अंबाडा सोडायचा, केस झटकायचे. बायका केसांत वर्ख लपवून नेतात म्हणे.

झडती घ्यायचे मी. तेव्हाचं माझं ध्यान बघायला हवं होतं तुम्ही. कमरेला किल्ल्या, मनगटावर नवं घड्याळ, मालकांसारखीच मराठी घरातली म्हणून त्यांचा विश्वास, आणि तो मिरवायची हौस. तीन वर्षांत वर्खाचा कपटा सापडला नाही. उवा सापडल्या.

एकदा तिचे मूठभर पांढरे केस झटकताना मी पुटपुटले, "मला तरी कुठे आवडतं हे."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती म्हणाली, "आपली अक्का म्हणाली, बाईला दारात केस सोडायला लावणं पाप आहे."

मी असं काही म्हटलं नव्हतं. पण तीस जणी माझ्याकडे अशा बघत होत्या, की मी दहीभाताचा घास गिळला आणि मान हलवली.

मग ती एकेकीकडे वळली. "सुनेसमोर केस सोडताना मेल्यासारखं होतं, तूच म्हणालीस ना? आणि तू, गजरा परत माळवत नाही म्हणून?" ज्या कधी बोलल्या नव्हत्या, त्या बोलायला लागल्या. एक म्हणाली, "आज शुक्रवार."

"ऐका," म्हातारी म्हणाली, "ही म्हणते, आज शुक्रवार."

दिवेलागणीला मालक दर शुक्रवारचा लक्ष्मीचा दिवा घेऊन दाराशी आले. उंबऱ्यावर, पायऱ्यांवर तीस बायका केस मोकळे सोडून बसलेल्या. अशा दारातून लक्ष्मी माघारी फिरते, हे आमच्याकडे लहान पोरही जाणतं.

"आधी केस बांधा."

"तुम्हीच म्हणालात ना, सोडा?" म्हातारी म्हणाली. "आता रोज असंच बसू."

"हे डोकं कुणाचं?"

"मी म्हणाले," एक बोलली. "मी," दुसरी. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारीकडे बोट दाखवलं असतं, तर किल्ल्या राहिल्या असत्या.

"मी म्हणाले," मी म्हणाले.

झडती त्या दिवशी बंद झाली, माझी नोकरीही. रविवारी ती घरी आली, माझ्या वेणीत गजरा माळला. मी ऐटीत विचारलं, "सगळं माझ्यामुळे झालं, नाही का?"

"तूच म्हणालीस ना," ती म्हणाली. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

पुढे काही वर्षांनी ती वारली, तेव्हा आम्ही जमलो. त्या शुक्रवारी पहिलं कोण बोललं, यावरून तिच्याच ओट्यावर वाद जुंपला. प्रत्येकीचं एकच, मी. मीही हटले नाही. आत तिची सून तिचे पांढरे केस विंचरून अंबाडा बांधत होती.