पानावरची जिलबी

नदीकाठी सतीशच्या दहाव्याला पिंडाशेजारी केळीच्या पानावर जिलबी ठेवली होती. माझ्या या मित्राचा जिलबीवर भारी जीव. पण चाळिशीतच साखर निघाली आणि वहिनींनी घरात गोड येणंच बंद केलं. लग्नाच्या पंगतीत त्या लांबून नुसतं बघायच्या, की हा निमूट पानावर हात आडवा धरायचा. तरी पन्नाशीच्या आतच गेला.

आमच्या वयाच्या सगळ्यांची हीच कथा. दिवसभर खुर्चीत बसायचं आणि जेवणाआधी गोळी गिळायची. आयांनी आग्रहानं वाढून माया केली, बायका ताटातलं काढून घेऊन करतात. माया तीच, हात तेवढा उलटा फिरतो.

कावळा काही शिवेना. "मुलांचं आम्ही बघू," असं त्याच्या भावानं सांगून झालं, मीही सांगितलं. शेवटी वहिनी पुढे झाल्या, हात जोडून म्हणाल्या, "खा हो. आता मी नाही अडवणार."

जरा वेळानं कावळा उतरला. भाताला शिवला आणि उडून गेला. जिलबी तशीच राहिली.

"अजून ऐकतात माझं," वहिनी म्हणाल्या.