दीड लिटर पाणी

शिवांगीला दीड लिटर पाणी पाजलं ते श्रीरंगनंच. सोनोग्राफीला पोट तट्ट भरून जायचं असतं, असं सांगलीच्या मावशीनं फोनवर सांगितलं, आणि गाड्यांचे ब्रेक तपासणारा हा इंजिनिअर बाटलीवरच्या रेघा मोजत बायकोसमोर बसला. न्युरेम्बर्गच्या ऊ-बानमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, शिवांगी दांडा घट्ट धरून, डोळे मिटून उभी होती.

"बसतेस का?"

"बसले तर उठणार नाही. आणि मला हसवू नकोस."

हसवायला तो तरी कुठे ताळ्यावर होता? एकविसावा आठवडा चालू होता, आणि नेहमीच्या डॉक्टरांना दोनदा बघूनही बाळाचं मूत्राशय दिसलं नव्हतं. जिथे असायला हवं, तिथे काहीच नाही. म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली डॉक्टर चारुलता केलर यांच्या नावानं. पोटातल्या बाळाचं पोट बघण्यात बाईंची नजर पक्की, असा लौकिक होता.

चारुलताबाई मूळच्या मिरजेच्या. केलर हे आडनाव लग्नातून आलं आणि वाक्याआधीचं 'आल्झो', म्हणजे 'तर मग', शेजारणींकडून. बाकी बाई होत्या तशाच राहिल्या. बाळांच्या दुधाच्या बाटल्या गरम करायचं यंत्र त्यांनी टेबलावर ठेवलं होतं. त्यात जेल गरम होत असे. तीस वर्षांत त्यांनी एकाही बाईच्या पोटाला गार जेल लावलं नव्हतं.

दारातच त्यांनी शिवांगीकडे पाहिलं. "पाणी कुणी पाजलं?"

शिवांगीनं नवऱ्याकडे बोट केलं.

"आल्झो, ह्या आठवड्यात त्याची गरज नसते. उजवीकडचं दार. आधी मोकळी होऊन ये, बाळा."

मग अंधारलेल्या खोलीत पडदा उजळला. बाई बघताना बोलत नसत. शेवटी त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "हे जठर. गिळलेलं पाणी आहे त्यात. ही दोन मूत्रपिंडं. पोटाची भिंत बेंबीपाशी नीट मिटलीय." घेवड्याच्या दाण्याएवढ्या त्या दोन सावल्यांकडे श्रीरंग बघतच राहिला. कारखान्यात पट्टी लावल्याशिवाय तो कशावर विश्वास ठेवत नसे. इथे मोजायला हातच पुढे होईना.

बाईंनी एक बटण दाबलं. करड्या पडद्यावर एक लाल आणि एक निळी रेघ थरथरत उमटली. "बाळाच्या नाळेकडे जाणाऱ्या ह्या दोन रक्तवाहिन्या. मूत्राशय ह्यांच्या मधे असतं."

मधे काहीच नव्हतं.

"नाहीये," श्रीरंग म्हणाला.

"आत्ता नाहीये. भोवती पाणी भरपूर आहे, म्हणजे मूत्रपिंडं काम करताहेत. नुकतंच रिकामं झालं असेल. थांबू या."

आणि खरंच थांबल्या. खुर्ची मागे सरकवून संत्रं सोलायला बसल्या. "माझे वडील सतारी करायचे," एक फोड शिवांगीला देत त्या म्हणाल्या. "भोपळा वाळेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक दारात बसून राहायचं, वडील चहा पाजायचे. घाई केली की भोपळा तडकतो."

वीस मिनिटं श्रीरंग घड्याळ बघत होता. शिवांगी त्याचा हात धरून होती. दीड लिटर पाण्यावरून त्याच्यावर आलेला तिचा राग कधीच विरला होता.

बाईंनी पुन्हा यंत्र टेकवलं. लाल आणि निळ्या रेघांच्या मधोमध एक काळा ठिपका होता, साबुदाण्याएवढा. बघता बघता तो वाटाण्याएवढा झाला. अजून जगात न आलेलं, तळहातावर मावेल असं एक माणूस पाणी पीत होतं, गाळत होतं, साठवत होतं. न शिकवता, अंधारात, एकटं. मग ठिपका आक्रसला आणि मिटून गेला.

"झाली शू," चारुलताबाई हळूच म्हणाल्या. हजारो वेळा पाहिलेलं होतं, तरी त्या पडद्याच्या इतक्या जवळ वाकल्या होत्या की चष्म्यात दोन्ही रेघा दिसत होत्या. "सगळं जागच्या जागी आहे."

शिवांगी रडत होती. श्रीरंगनं चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग जीव भांड्यात पडल्यावर माणसाला जो शहाणपणा सुचतो, तो त्याला सुचला. "म्हणजे मॅडम, माझं दीड लिटर पाणी अगदीच वाया गेलं नाही म्हणायचं."

जेल पुसायला कागद ओढत बाई म्हणाल्या, "ते मघाशीच टॉयलेटमध्ये गेलं."