पाट्यांवरचं गाणं

सिनेमा संपल्यावर शेवटच्या पाट्या पूर्ण बघाव्यात, असं माझं मत आहे. लातुरात हे मत बाळगून दमायला होतं. शेवटचा प्रसंग पुरता विझायच्या आत लोक उठतात, दारं उघडतात, उन्हाचा पट्टा आत येतो आणि केबिनमधला माणूस मशीन बंद करतो. ज्यांनी आवाज धरला, कपडे शिवले, गाणं म्हटलं, त्यांची नावं आमच्यापर्यंत येतच नाहीत.

मी हदगाव तालुक्यातल्या खेड्यातला. घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. नांदेडला होस्टेलवर आलो तेव्हा गाणं म्हणजे लग्नातला डीजे आणि सप्त्यातलं भजन, एवढंच मला ठाऊक होतं. वर्गात जळकोटकडची एक मुलगी होती. तिने एकदा ग्रंथालयाच्या पायरीवर इअरफोनचं एक टोक माझ्या हातात दिलं. कुणीतरी आपल्या खोलीत बसून स्वतः लिहिलेलं स्वतःच गात होतं. मागे पंखा घरघरत होता आणि तो आवाज त्यांनी काढून टाकला नव्हता. असंही चालतं, हे मला त्या दिवशी कळलं. मला शिकवणाऱ्यांच्या यादीत प्राध्यापकांच्या शेजारी मी त्या मुलीलाही धरतो.

पुढे ती पुण्याला गेली आणि तशीच गाणी करू लागली. मी लातुरात डॉक्टर व्हायला आलेल्या मुलांना मराठी शिकवतो. ती मुलं माझ्या तासाला फिजिक्सची गणितं सोडवतात. मी शिकवत राहतो. नोकरी आहे, घरी पैसे जातात, त्याचं समाधान आहे. उरलेल्या वेळात मी ही गाणी ऐकतो, लहान सिनेमे शोधतो आणि भेटेल त्याला सांगत सुटतो. हल्ली सांगायचाही कंटाळा येतो. कारण जे आवडायचं तेच आता बिघडताना दिसतं. आमची बोली गाण्यात आली याचा आनंद झाला होता. आता पुण्या-मुंबईची पोरं ‘लई’ आणि ‘हाव’ लोणच्यासारखं तोंडी लावायला घेतात. सिनेमात आमचा भाग येतो तो भेगाळलेल्या जमिनीसकट. ड्रोन वर जातो, खाली एक म्हातारा बसलेला असतो. नायिका शुद्ध बोलते आणि आमच्यासारखं बोलायला गडीमाणसं ठेवलेली असतात.

म्हणून तो सिनेमा आला तेव्हा मी हरखलो. तालुक्याच्या गावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट. जमीन कुठेच नाही. आणि शेवटच्या पाट्यांवर माझ्या मैत्रिणीचं गाणं.

ते गाणं मी आधीच ऐकलं होतं. तिचे वडील फोनवर जे विचारतात, तेवढंच त्यात आहे. जेवलीस का. पाऊस हाय का तिकडं. बरं, ठिवतो मग. मध्ये मध्ये मोकळी जागा आणि तिथे नुसती गिटार. वडिलांना, म्हणजे अप्पांना, यातलं काही माहीत नव्हतं. त्यांचं एकच म्हणणं होतं, “मोबाइलवर कुत्र्या-मांजरांचे बी व्हिडिओ येतात. थेटरात आलं तर काम म्हणून मानतो. न्हाईतर औंदा बी.एड.ला नाव घालतो तुझं.”

तिने मला फोन केला. “पुण्याहून मी आले तर ते माझ्याकडंच बघत बसतील. तू ने त्यांना. बी.एड.चं मी बघून घेईन. त्यांनी एकदा ते गाणं ऐकायला पाहिजे, बस.”

सिनेमा लातुरात एकाच थेटरात, दुपारी बाराला होता आणि शुक्रवारी उतरणार होता. मी बुधवारी मॅनेजरकडे गेलो. पाट्या शेवटपर्यंत चालू ठेवा, गाणं आपल्या जिल्ह्यातल्या मुलीचं आहे, तिचे वडील येताहेत, असं सगळं सांगितलं. त्यांनी खुर्चीतून उठून माझा हात धरला.

“सर, आधी न्हाई का सांगायचं? शेवटच्या नावापर्यंत चालवतो. इंतजाम माझ्याकडं!”

गुरुवारी अप्पा आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, कपाळावर विभूतीचे पट्टे. मला ते ‘सर’च म्हणतात.

“सर, कालेजात शिकवता का पिच्चर दावता?”

“दोन्ही करतो, अप्पा.”

“मग पगार दोन घ्या की.”

आत बसल्यावर त्यांनी विचारलं, “हिरो कवा येणार?”

“हिरो नाही यात.”

“मग ह्या पोरींचं कसं व्हायचं?”

पण ते बघत राहिले. धाकटी बहीण गिऱ्हाइकाला उलट बोलली तेव्हा मोठ्याने हसले. मला बरं वाटलं. शेवटी दुकानाचं शटर खाली आलं, पडदा काळा झाला आणि गिटारचा पहिला सूर आला. मी अप्पांच्या कानाशी म्हणालो, “आता ऐका.”

तेवढ्यात दिवे लागले. आवाज बंद झाला. पडद्याशेजारच्या दारातून मॅनेजर आले. त्यांच्या हातात माइक होता आणि मागे शाल, नारळ, गुच्छ घेतलेली माणसं.

“मंडळी, जाऊ नका, बसून घ्या! आज आपल्या थेटराचं भाग्य हाय.”

उठलेले लोक पुन्हा बसले. पाट्यांना अख्खं थेटर बसून राहिलेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. पाट्या चालू होत्या, नुसत्या मुक्या. मॅनेजर शब्दाला जागले होते. अप्पांना पुढे नेलं गेलं. मी कानाला हात लावून खुणा केल्या, आवाज, आवाज. मॅनेजरना वाटलं, मला दोन शब्द बोलायचेत.

“सर बी या! सरांमुळंच हा योग आला.”

माझ्या हातात गुलाब आला. गुणवान कन्या, धन्य ते आई-वडील, जळकोटची माती, असं भाषण चाललं. दरम्यान तिचं नाव खालून वर सरकत गेलं, आधी अप्पांच्या शालीवरून, मग टोपीवरून. टाळ्या वाजवणारे, फोटो काढणारे सगळे शालीकडे बघत होते. नाव मी एकट्याने वाचलं.

मला कुणाचा राग आला नाही. माझ्याही गावाने मी पदवीधर झालो तेव्हा असाच सत्कार केला होता. मी काय शिकलो, ते त्या दिवशी कुणी विचारलं नव्हतं. आमच्याकडे माणसाचा मान ठेवण्यात कसूर होत नाही. त्याचं ऐकायचं तेवढं राहून जातं.

बसस्टँडवर उदगीरच्या गाडीची वाट बघत बसलो. अप्पांनी शाल घडी घालून पिशवीत ठेवली, वर नारळ.

“बी.एड.चं राहू द्या औंदा,” ते म्हणाले. “मॅनेजर काय उगंच शाल घालतेत का? काम चांगलं असल म्हणूनच की.”

काम झालं होतं. मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण तिने मागितलं होतं ते एवढंच, आणि ते झालं नव्हतं. मी फोनवर गाणं लावलं आणि इअरफोन पुढे केला.

“ते कानात नगं,” म्हणत त्यांनी माझा फोनच घेतला आणि बोलायला धरतात तसा कानाला लावला. बाजूला वडापाववाला ओरडत होता. गाडी लागल्याची घोषणा झाली. अप्पा खाली बघत ऐकत होते. मध्येच म्हणाले, “हां.” थोड्या वेळाने पुन्हा, “हां.” गाणं संपल्यावरही फोन काही क्षण कानालाच होता. मग त्यांनी तो सदऱ्याला पुसून मला परत दिला.

“कसं वाटलं, अप्पा?”

“ह्यात नवं काय हाय? हे तर मी रोजच बोलतो.”

ते पिशवी छातीशी धरून गाडीकडे निघाले. पायरीवर चढताना मागे वळले. “तिला म्हणावं, पाऊस न्हाई अजून इकडं. पोरीनं कधी विचारलं न्हाई, पण म्हणावं.”

गाडी वळून जायच्या आत तिचा फोन आला.

“शालीचा फोटो आला घरच्या ग्रुपवर. गाणं ऐकलं का त्यांनी?”

“ऐकलं. इथं, स्टँडवर.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, यात नवं काही नाही.”

ती खूप हसली. मग मी पावसाचं सांगितलं, आणि ती म्हणाली, “बरं, ठेवते मग. त्यांनाच लावते.” हातातल्या गुलाबाच्या पाकळ्या सुटायला लागल्या होत्या. तीनचा तास होता. मी कॉलेजकडे चालू लागलो.