हातात वस्तरा असताना

परंड्याच्या स्टँडजवळ माझी दाढी करणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी सलूनच्या टीव्हीवर एका खुनाच्या खटल्याची बातमी लागली. मी चिडून म्हणालो, "असल्याला फाशीच द्यायला पाहिजे!"

माझ्या गळ्यावरचा वस्तरा थांबला. मी आवंढासुद्धा गिळला नाही.

त्यानं वस्तरा हळूच उचलला, पुसून मिटला, फळीवर ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"राग तर मलाबी लई येतो," तो म्हणाला. "म्हणून हातात वस्तरा असला की म्या कुणाच्या मरणाचं बोलत न्हाय. आता ठिवलाय. बोला तुमी."

आरशातून तो माझ्याकडं बघत राहिला. वस्तरा फळीवर होता, तरी माझ्या तोंडून ते वाक्य पुन्हा निघेना.