बाभळीतला आवाज

फोन कुमुदच्या मुलीचा होता. "मावशी, आई गेली." मी आधी विचारलं, कशाने? हृदयविकाराने, म्हणाली. तरी मी डॉक्टरांना फोनवर गाठून पुन्हा विचारलं, अंगावर काही खुणा होत्या का. नव्हत्या. मग मळलेली कणीक झाकून ठेवली आणि निघाले. याला आता महिना होईल.

कुमुद आणि मी एकाच कॉलनीतल्या. नव्वदच्या दशकात आमचं पाचसहा जणांचं टोळकं रविवारी सकाळी गंगापूर धरणाकडे पक्षी बघायला जायचं. नियम एकच, ज्याने पक्ष्याचं नाव चुकीचं सांगितलं, परतताना मिसळ त्याच्याकडे. कुमुद नाव सांगायची घाई करायची नाही, त्यामुळे तिने कायम फुकटच खाल्ली. आवाज मात्र फाटका, जीभ तिखट. कॉलनीत तिला कर्कशा म्हणत. तिचे यजमान भजनं म्हणायचे आणि त्यांचा गळा ऐकून बायका डोळे पुसायच्या...

एकदा मार्चमध्ये ती दुर्बीण एकाच डोळ्याला लावून उभी होती. दुसरा सुजून मिटलेला, ओठ फाटलेला. कपाटाचं दार लागलं, म्हणाली. समोरच्या बाभळीत पानांआड काहीतरी सुरेख गात होतं. आधी बुलबुलासारखं, मग चिमणीसारखं, मध्येच तित्तर, सगळं गुणगुणल्यासारखं. आमच्यातले मोरेसर म्हणाले, बुलबुल. मी म्हटलं, दयाळ.

"आवाज सोडा," कुमुद म्हणाली. "खालची फांदी बघा."

काट्यावर सरडा टोचलेला होता, पोट फाडलेलं. शेजारच्या काट्यावर पिसांचा गोळा, त्याला डोकं नव्हतं. तेवढ्यात गाणारा बाहेर आला. डोळ्यांवर काळी पट्टी, चोच आकड्यासारखी. सरड्याचा पाय ओढून तोडला, गिळला आणि पुन्हा गायला लागला. खाटीक पक्षी, शिकार काट्यावर टोचून ठेवणारा. दुसऱ्यांचे आवाज काढण्यात पटाईत.

मिसळ सरांवर आणि माझ्यावर बसली. तर्री झोंबत होती म्हणून कुमुद नुसता पाव चघळत राहिली. मग हळूच म्हणाली, "कपाट नव्हतं गं."

मी पोलिसांत जाऊ म्हटलं. तिने हात झटकला. "कोण मानेल? त्यांचं गाणं ऐकलंय सगळ्यांनी."

पुढे नवऱ्याने मुलीला पट्ट्याने मारायला घेतलं, तेव्हा हिने पाट्यावरचा वरवंटा उचलून त्याच्या मनगटावर घातला. हाडाचा चुरा झाला. त्यानंतर त्याने हात उगारला नाही. पण कॉलनी त्याच्याच प्लॅस्टरकडे बघून हळहळली, घरोघरचे डबे गेले त्याला. एवढा देवमाणूस आणि नशिबी ही चेटकीण. मी खरं काय ते चारचौघांत सांगितलं, तर काहींनी माझ्याशी बोलणं टाकलं. कुमुद हसायची. म्हणायची, राहू दे, अख्ख्या कॉलनीकडे मिसळ बाकी आहे.

ती कोणी दिली नाही.

दहाव्याच्या संध्याकाळी घरी भजन होतं. तिच्या फोटोसमोर बसून तोच गायला. गळा अजून तसाच. मनगट मात्र वाकडं जुळलेलं, टाळ नीट धरता येत नव्हता. शेजारच्या घरात नवीन आलेली सून माझ्याजवळ बसली होती. पदराने डोळे टिपत म्हणाली, "किती मऊ मनाचे आहेत ना हो काकू?"

"गळा सोड," मी म्हटलं. "मनगट बघ. कसं मोडलं ते रविवारी सांगते. मिसळ तुझ्याकडे."