मिनीच्या मिटल्या डोळ्यांतलं टेबल

थँक्सगिव्हिंगच्या सणाला काय रांधायचं, हे मिनी केसलर कधी कागदावर लिहीत नाही. नोव्हेंबर लागला की एखाद्या दुपारी ती सोफ्यावर आडवी होते, डोळे मिटते आणि टेबल बघते. शेजारची मी तिच्या पायाशी कॉफी घेऊन बसते. आमच्या घरांची भिंत एकच, आणि मला मागे-पुढे कुणी नाही, म्हणून त्या टेबलाशी माझीही एक खुर्ची आहे.

"टर्की दिसतेय," ती पुटपुटते. "रॉय कापतोय. जोनची रताळी आली. साखर जरा हात राखून घाल म्हणावं पोरीला. हेझल, तुझे बन."

रॉय तिचा मुलगा, जोन मुलगी, आणि हेझल मी; माझ्याकडे कायम बन, तेही दुकानातले. माझ्या स्वयंपाकावर मिनीचा काडीचा विश्वास नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही नाही.

तिला पदार्थ नुसता दिसत नाही, तो ठेवणारा हातही दिसतो. मग ती फोन उचलते. केसलरांच्यात "जेवायला या" असं कुणी कुणाला म्हणत नाही. "काय आणतेस?" एवढंच विचारतात. विचारलं की तुम्ही घरचे.

या वर्षी मात्र ती मधेच अडली. पडद्यातून पिवळसर ऊन येत होतं, ते तिच्या कपाळावर सरकत राहिलं.

"कोबी," ती म्हणाली.

बॉल्टिमोरात टर्कीशेजारी आंबवलेला कोबी नसला तर माणसं तोंडावर काही बोलत नाहीत, पण वर्षभर आठवण काढतात. या घरचा कोबी डार्लीनचा. डार्लीन म्हणजे रॉयची बायको, या उन्हाळ्यापर्यंतची. घटस्फोट झाला तशी ती दोन खोल्यांच्या घरात राहायला गेली. तरी ऑक्टोबरात ती मुकाट्याने आली, मिनीच्या तळघरात बसून कोबी चिरला, मीठ चोळून बरणीत दाबला, वर दगड ठेवला. मग दर रविवारी मागच्या दाराने येऊन फेस काढून जायची. दोघींनी घटस्फोटाचा विषय म्हणून काढला नाही.

रॉय आदल्याच दिवशी बजावून गेला होता. "मॉम, ती येणार असेल तर मला धरू नकोस. दुकानातून डबाबंद कोबी आण, कुणाला कळतंय?"

"तुझ्या बापाला कळलं असतं," मिनी म्हणाली होती.

"हेझल, तिचा हात दिसला की रॉयची खुर्ची पुसट होते गं," ती आता म्हणाली. "आणि त्याला बसवावं तर ती दाराबाहेर."

मला रॉयचा संताप आला. "बोलव तिला! पोरगा कुठे जातोय, टर्कीच्या वासानं येईल."

"तुला पोर असतं म्हणजे कळलं असतं."

लागलं मला ते. तिलाही कळलं असावं. डोळे न उघडताच तिने हात लांबवून माझा गुडघा थोपटला. तळघरातून आंबूस वास हळूहळू वर येत होता. तिने फोन ओढला.

"डार्लीन, काय आणतेस?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. "मॉम, बरणी तर तुमच्याच घरात आहे."

"जड आहे ती. माझे गुडघे धड नाहीत. लवकर ये आणि तूच वर आण."

रॉयला तिने फोन केला नाही. "विचारलं आणि नाही म्हणाला तर?" एवढंच म्हणाली. त्यानंतर रोज दुपारी ती डोळे मिटून पडायची. रताळी यायची, क्रॅनबेरीची चटणी यायची, टर्कीचं नाव मात्र तोंडातून निघत नसे. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

सणाच्या आठवड्यात फोन वाजला. रॉयचा चिडका आवाज मलाही ऐकू आला. "जोनला विचारलंस, तिलाही विचारलंस. मला कोण विचारणार?"

मिनी उठून बसली. "सुरी आण," ती म्हणाली. "धार लावून. गेल्या वर्षी नुसती फाडलीस टर्की."

फोन ठेवून ती पुन्हा आडवी झाली.  ऊन तिच्या कपाळावरून उतरून उशीवर आलं.

"हेझल," ती डोळे मिटूनच म्हणाली, "जरा सरक. डार्लीनची खुर्ची लावायचीय."

खोलीत आम्ही दोघीच होतो. मी सरकले.