कात्रीबाई आधी उठली

गल्लीत बातमी अशी फिरत होती की कात्रीबाईने खुर्ची वाचवण्यासाठी सख्ख्या बापाचा बळी दिला. पक्षाच्या लोकांनी म्हणे तिला खोलीत कोंडलं, पुढच्या वेळी तिकीट मिळणार नाही असा दम भरला, आणि ही डोळे पुसत जाऊन मत देऊन आली. बातमी चांगली चमचमीत होती. माझ्या आधी दुसऱ्याच कुणाला सुचली याचं मला वाईटही वाटलं. पण साफ खोटी. हे घडलं तेव्हा मी सभागृहाच्या गॅलरीत बसले होते, आणि माझ्या शेजारी तो बाप.

कात्रीबाई म्हणजे आमच्या तळमजल्यावरची केस कापणारी. आमदार म्हणून निवडून आली तरी शनिवारी दुकान उघडते, आणि अख्ख्या गल्लीच्या माना तिच्या हातात असतात. तिचे वडील, अख्ख्या गल्लीचे काका, जन्मभर टॅक्सी चालवत आले. पक्षातही तेवढेच जुने. लेकीला खांद्यावर बसवून सभांना न्यायचे. पक्षाचं तत्त्व त्यांना जेवताना पाणी लागावं तसं लागे: ‘माणसाला मोकळं सोडा, सरकारने त्याच्या घरात नाक खुपसू नये.’ आमटीत मीठ कमी पडलं तरी काका हे वाक्य कुठेतरी बसवायचे.

सभागृहातलं काम मात्र मला फार सोपं वाटायचं. पहिल्या रांगेत पक्षाचा प्रतोद बसतो. तो उठला की मागचे सगळे उठतात, म्हणजे होकार. तो बसून राहिला की सगळे बसून, म्हणजे नकार. एकदा मानेवर वस्तरा असताना मी कात्रीबाईला विचारलं, “काय गं, काल कशाला होकार दिलास?”

“कालव्याला असावा. मान हलवू नकोस.”

आणि मग ते विधेयक आलं. सत्तरीपुढच्या चालकांची दरवर्षी डोळ्यांची तपासणी. नापास झाला त्याचा परवाना जमा. काकांनी सत्तरी कधीच मागे टाकलेली. पण ते निर्धास्त. “पक्ष माझा, पोर माझी. परवान्याला हात लावणार कोण?”

पक्षाच्या नेत्याने मात्र हात झटकले. प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी म्हातारं, उगाच शिव्या कोण खाणार? म्हणाला, या वेळी आदेश नाही, ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं.

विधेयकावर मतदान होतं त्या दिवशी कात्रीबाई सकाळीच बैठकीला गेली होती. काका मला म्हणाले, “चल, पोर बापाचा परवाना कसा वाचवते ते बघायला.” फुकटची टॅक्सी आणि फुकटचा तमाशा, मी टुणकन जाऊन पुढे बसले.

पहिल्याच चौकात हिरवा दिवा लागला. काका जागचे हलेनात. “काका, हिरवा झाला.” तरी हलेनात. मागून हॉर्न वाजला, तेव्हा निघाले. म्हटलं, वय आहे, चालायचंच. पुढच्या चौकात लाल होता. मागच्या कुणा उतावळ्याने हॉर्न दाबला आणि काका सरळ निघाले! आडव्या आलेल्या ट्रकचे ब्रेक किंचाळले.

“काका, लाल होता!”

“मग मागच्याने वाजवला कशाला?”

“तुम्हाला दिसत नाही?”

“दिसतं की. सगळंच थोडं मळकट दिसतं एवढंच. एरवी पोर बसते तुझ्या जागेवर. रोज तिला सोडतो ना. ती सांगते, थांबा बाबा, चला बाबा.”

म्हणजे ही बाई रोज बापाच्या शेजारी बसून शहराचे सगळे दिवे वाचत होती, आणि आम्ही समजत होतो की तिला टॅक्सीचा थाट हवा असतो.

पुढचे दिवे मी सांगत गेले, तेव्हा कुठे आम्ही गॅलरीत पोचलो. खाली अध्यक्षांनी विधेयक मताला टाकलं. प्रतोद हाताची घडी घालून छताकडे बघत बसला. आणि पक्षाच्या रांगांमध्ये जी चुळबुळ सुरू झाली! चांगली पोक्त माणसं, मनाला विचारा म्हटल्यावर एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. काही जुने कट्टर तेवढे तत्त्वाला चिकटून घट्ट बसलेले. “पोर बसलीये ना?” काकांनी मला विचारलं, आणि तेवढ्यात ती उठली.

काकांनी माझं मनगट धरलं. शेजारच्याने तिच्याकडे पाहिलं आणि तोही उठला. मागचा उठला. मग रांगच्या रांग उठली. विधेयक मंजूर! बाहेर पक्षातलाच एकजण तिला विचारत होता, “वरून निरोप कधी आला? आम्हाला कळलंच नाही.” ती म्हणाली, “निरोप नव्हता.” त्याचा चेहरा असा पडला की जणू त्याचा खिसा कापला गेला होता. मीही तशीच उभी. ज्यांनी कायदा केला त्यांना तो कशासाठी केला तेच ठाऊक नव्हतं!

येताना काका बसने आले. टॅक्सी तिथेच सोडली. घरात शिरल्यावर मी पाणी द्यायच्या निमित्ताने उंबऱ्यातच रेंगाळले, खोटं कशाला बोलू. ती थोड्या वेळाने आली, तिने चपला काढल्या आणि समोर बसली.

काका हळू आवाजात म्हणाले, “एवढंच सांग की पक्षाने करायला लावलं. आतून, गुपचूप सांगितलं असेल. मी पक्षाचा माणूस आहे, मी समजून घेईन. पुन्हा विषय काढणार नाही.”

त्यांनी अक्षरशः हात जोडले होते. एका खोट्या वाक्यात सगळं मिटणार होतं. मलाच वाटलं, सांगून टाक गं बाई.

तिने त्यांचे जोडलेले हात सोडवले आणि म्हणाली, “आजवर पक्ष उठला की मी उठले, तेव्हा का उठलीस असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, बाबा. आज विचारताय, कारण आज माझी मी उठले. पक्षावर ढकलणार नाही. उद्या सकाळी डोळे तपासायला जायचंय, लवकर आवरा.”